चाचणी घ्यायचीच तर लाईट बंद करून घ्या

मा. मदत व पुनर्वसन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

परवा गावात सूचना आली. मोबाईलवर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होणार आहे, मोठा आवाज येईल, घाबरू नका, काही करायची गरज नाही. साहेब, पुरानंतरच्या बैठकीत एका अधिकाऱ्यानं सगळ्यांसमोर शब्द दिला होता, पावसाळ्याआधी टॉवरला बॅटरी आणि पारावर भोंगा बसवतो म्हणून. मृग कोरडाच निघून गेला आणि दोन्हीतलं काहीच आलं नाही.

चाचणीला माझा विरोध नाही. या इशाऱ्याला नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, टॉवरच्या टप्प्यातल्या फोनवर तो थेट येतो, हे मला माहीत आहे. २०२३ मध्येही असे संदेश आले होते. पण आमच्याकडं लाईट गेली की थोड्या वेळात रेंज जाते, आणि लाईट जाते ती नेमकी पावसातच. म्हणून चाचणी लाईट बंद ठेवून घ्या. संदेश मराठीत द्या, त्यात कुठं जायचं ते लिहा. माझ्या सासूबाईंकडं जुना बटणाचा फोन आहे, त्यांच्यासारख्यांसाठी कोतवालाला दवंडीचा लेखी आदेश द्या. आणि 'काही करू नका' कसलं सांगता? त्या दिवशी सगळ्या गावाला उंचावरच्या शाळेपर्यंत चालवत न्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीतून तीन लाखांच्या आसपास क्युसेक पाणी सोडलं. 'नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे' हा मेसेज माझ्या फोनवर पडला तो रेंज आल्यावर, दुसऱ्या दिवशी. तोवर गोठ्यात कमरेइतकं पाणी होऊन गेलं होतं. दाव्याच्या गाठी भिजून आवळल्या, सुटेनात, तेव्हा आमच्या मालकांनी विळ्यानं दावी कापली. गाय निघाली. वासरू अंधारात दिसलंच नाही. सोयाबीन गेलं, विहीर गाळानं भरली, माती खरवडून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. त्या मुरमात आता काय पेरू, हे तुमच्या कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

मग ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आम्हाला सांगितलं, शेतकरी ओळख क्रमांक काढा, ई-केवायसी करा. त्याचा ओटीपी यायचा तो याच टॉवरवरून! केंद्रावर गेलं की सर्व्हर डाऊन. तलाठ्याकडं चार गावांचा कारभार, ते भेटेनात. भाड्यालाच पैसे गेले.

मराठवाड्याच्या नशिबी हे नेहमीचंच आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी भागात हजारो माणसं झोपेतच गाडली गेली, तेव्हा सगळं सरकार इकडं धावलं. माणसं मेली की हेलिकॉप्टर येतं, पाणी ओसरलं की पंचनामा येतो. पाणी यायच्या आधी आमच्या गावात कुणी आलेलं मी पाहिलं नाही.

उत्तर लेखी द्या आणि बॅटरी कधी बसणार ती तारीख त्यात घाला. ग्रामसभेत वाचून दाखवायचं आहे.

आपली,
गोदाकाठची एक शेतकरी बाई,
ता. घनसावंगी, जि. जालना