पुस्तके काचेआड, खापर मोबाइलवर

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीदिनी, १५ ऑक्टोबरला, राज्यात २०१५पासून साजऱ्या होणाऱ्या वाचन प्रेरणा दिनाविषयीचा आपला लेख वाचला. मुले वाचत नाहीत याचे सारे खापर त्यात मोबाइलवर फोडले आहे, ते पटले नाही. अनेक घरांत पुस्तके असतात, पण फाटतील या धास्तीने शोकेसच्या काचेआड. नवी घेतली जातात तीही बहुधा सामान्यज्ञानाची, आणि मुलाने भुताची गोष्ट मागितली की ‘त्याचा उपयोग काय?’ असे विचारले जाते. वास्तविक बालभारतीच्या, १९७१पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य, म्हणजे त्याच मोबाइलवर, वाचता येतात. तेव्हा निवड मुलावर सोपवून पालकांनी रात्री त्याच्या शेजारी बसून स्वतःही चार पाने वाचावीत.

– एक पालक, सातारा