सर, चार नंबरच्या बुटांबद्दल

आदरणीय सर,

परवा तुमच्या निरोप समारंभात सगळे यील्ड, सॉल्व्हंट रिकव्हरी आणि ऑडिटबद्दल बोलले. खरंच आहे ते. पण आपल्या केमिकल प्लांटवर मुली कुणामुळे आल्या, हे कुणाच्याच तोंडून निघालं नाही. माइक काही आमच्या रांगेपर्यंत पोचला नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

एम.एस्सी. ऑरगॅनिकची मार्कशीट घेऊन मी बरेच उंबरठे झिजवले होते. एकीकडे पहिलाच प्रश्न लग्नाचा. दुसरीकडे ‘क्यूसीत, म्हणजे माल तपासायच्या लॅबमध्ये बसा, एसी आहे’. एका साहेबांनी प्लांटवर लेडीज टॉयलेट नसल्याचं असं सांगितलं, जणू ते बांधायला रसायनशास्त्राचा एखादा नियम आड येत होता!

तुमच्याकडे रुजू झाले त्या सकाळी स्टोअरवाल्या काकांनी समोर सेफ्टी शूज ठेवले. चार नंबर. तोवर सहाच्या खालचं माप तिथे कधी आलंच नव्हतं. “साहेबांनी तुमची नेमणुकीची ऑर्डर निघाली त्याच दिवशी मागवले,” काका म्हणाले. ढगळ बूट घालून रिअ‍ॅक्टरच्या जाळीच्या जिन्यावरून चढउतार करायची, खाली कातडी जाळणारं कॉस्टिक सांडलेलं असू शकतं, हे तुम्हाला आधीच दिसलं होतं. त्याबद्दल तुम्ही माझ्याकडे कधी अवाक्षर काढलं नाहीत. ते बूट पायात घातले आणि इथे माझी वाट पाहिली जात होती, हे मला कळलं.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला, मग त्यांच्या हट्टापुढे नमून वर्षभर अटींवर ठेवलं. हे आपण आवडीने सांगतो. 1939 ची केंब्रिजची पीएच.डी.ही सांगतो. पण बंगळूरला त्यांना मनापासून शिकवणारे श्रीनिवासय्या किती जणांना ठाऊक आहेत? अमेरिकन केमिकल सोसायटी स्त्रियांना या क्षेत्रात आणणाऱ्यांना खास पुरस्कार देते. आपल्याकडे शाल-श्रीफळ मिळतं, तेही टनांच्या आकड्यांसाठी. साधी माणुसकी कुठल्याच रिपोर्टच्या रकान्यात बसत नाही ना.

आईने तुम्हाला आणि वहिनींना जेवायला बोलावलंय. रविवार कोणता ते कळवा, तिला मासे आधी सांगून ठेवावे लागतात.

आपली,
बी शिफ्टची केमिस्ट