लग्नाला चौदा वर्षं झालेला ‘बॅचलर’

मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. माझा नवरा अकरा वर्षं शारजाला आहे, एसी दुरुस्तीच्या कामावर. आमच्या पट्ट्यात याचं कुणाला नवल नाही. खाडीकाठच्या गावात चिऱ्याचं नवं घर, गच्चीवर मोठी टाकी आणि घरात कर्ता पुरुष नाही, असं दिसलं की समजायचं, माणूस ‘बाहेर’ आहे. बाहेर म्हणजे आखातात. मुंबईला गेलेल्याला आम्ही बाहेर गेला म्हणत नाही.

कामासाठी परदेशी जाणाऱ्यांसाठीच्या १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याच्या जागी नवा कायदा आणायचा म्हणून आपल्या मंत्रालयाने २०२५ मध्ये मसुदा लोकांपुढे ठेवला. ती बातमी वाचल्यापासून हे पत्र डोक्यात आहे.

तिकडे भाड्याच्या जागांच्या जाहिरातींत माणसं दोनच जातींची, ‘फॅमिली’ आणि ‘बॅचलर’. बायको सोबत नसली की बॅचलर, मग इकडे लग्नाला चौदा वर्षं का झालेली असेनात. अमिरातीत बायकोमुलांना न्यायचं तर पगार किमान ४,००० दिरहम हवा, किंवा ३,००० आणि राहायला जागा. कुवेतने २०२४ मध्ये फॅमिली व्हिसा पुन्हा सुरू केला तेव्हा ८०० दिनारांची अट घातली. माझ्या नवऱ्याला २,२०० दिरहम मिळतात. नियम त्या देशांचे आहेत, ते दिल्लीतून बदलणार नाहीत, एवढं मला कळतं. त्या नियमांमुळे इकडे जे होतं ते मात्र दिल्लीच्या कानावर जावं.

कंपनीच्या खोलीत सहा जण, दुमजली पलंग. नवऱ्याने खालच्या पलंगाला फुलाफुलांची चादर बांधून आडोसा केलाय. तिथले साडेनऊ, आमचे अकरा वाजले की त्या चादरीआड बसून तो फोन लावतो. आवाज बारीक, कारण वरचा माणूस पहाटेच्या ड्युटीचा. तिकडून व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागत नाही, म्हणून बोटिम हे अ‍ॅप. सासूबाईंच्या तोंडात ते नाव बसत नाही, त्या म्हणतात, “बोंबील लाव गो.” आमच्याकडची रेंज गेली की नवरा दिसेनासा होतो आणि चादरीवरची फुलं तेवढी स्क्रीनवर अडकून राहतात.

दोन वर्षांनी तो चाळीस दिवस येतो. तिथल्या कायद्यात वर्षाला तीस दिवस रजा आहे, पण कंपनीचं तिकीट दोन वर्षांतून एकदा, म्हणून रजा साठवायची. पहिला आठवडा पाहुणचारात जातो. मग कुरबुरी. विहिरीचा पंप बदलला, घरपट्टीचा घोळ निस्तरला, धाकटीची शाळा बदलली, हे सगळं मी एकटीने ठरवलेलं असतं. तो म्हणतो, “मला विचारायचं तरी.” त्याचंही खरं आणि माझंही. मोठा मुलगा नऊ वर्षांचा. गेल्या सुट्टीत बाप पडवीत बसलेला असताना हा माडीवर जाऊन त्याला व्हॉइस मेसेज पाठवायचा, गणिताच्या पेपरबद्दल. खाली येऊन बोल म्हटलं, तर म्हणाला, “फोनवर बरं वाटतं.” नवऱ्याने तो मेसेज पडवीत बसूनच ऐकला आणि तिथूनच उत्तर पाठवलं. मी स्वयंपाकघरात दोघांचेही आवाज ऐकत होते.

गेल्या वर्षी त्याची झोप उडाली. छातीत धडधड. तिथल्या दवाखान्यात पित्ताच्या गोळ्या दिल्या. तीन आठवडे “जेवलीस? पोरं जेवली?” याच्यापुढे बोलणं सरकत नव्हतं. तेव्हा मी आपलं ‘मदद’ पोर्टल उघडून बसले. थकलेला पगार, तुरुंग, छळ, मृतदेह आणणं, या सगळ्याची तक्रार तिथे करता येते. ‘नवरा बोलेनासा झालाय’ हे कशात घालायचं ते मला सापडलं नाही. जून २०२४ मध्ये कुवेतला मंगफमध्ये इमारतीला आग लागून ४५ भारतीय गेले, तेव्हा हवाई दलाचं विमान त्यांना घेऊन कोचीला उतरलं. सरकारने ते दोन दिवसांत केलं, याचं मला मनापासून कौतुक आहे. तशाच खोल्यांत जे जिवंत आहेत त्यांच्यासाठी हे पत्र.

एक गंमत सांगते. नवरा दहावी पास, म्हणून त्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘परदेशी कामाला जाताना सरकारी तपासणी हवी’ असा शेरा, नाही. गावात ही प्रतिष्ठेची गोष्ट, लग्न जमवताना मुद्दाम सांगतात. पण ईसीआरवाल्याला १८ देशांत कामाला जाताना आपल्या खात्याची परवानगी लागते, प्रवासी भारतीय विमा सक्तीचा असतो, निघण्याआधी प्रशिक्षणाची सोय असते. दहावीवाला थेट विमानात बसतो. माझ्या वर्गातल्या सात मुलांचे वडील आखातात आहेत आणि सातही जणांनी हे प्रशिक्षण कधी पाहिलेलं नाही. शिकला तो यातून सुटला!

ते प्रशिक्षण दहावी-बारावीवाल्यांनाही द्या आणि त्यात अर्धा दिवस घरच्यांना बोलवा. त्या देशाचे कायदे माणसाला सांगता, ते सांगाच. पैसे कुणाच्या खात्यात येणार, घरात निर्णय कुणी घ्यायचे, पोरांशी काय बोलायचं, झोप उडाली तर कुणाला सांगायचं, हे निघण्याआधी बायकोसमोर बोललं गेलं तर पुढची निम्मी भांडणं टळतील. केरळात परदेशी गेलेल्यांसाठी १९९६ पासून वेगळं खातं आहे. आमच्या राज्याचं काय, ते मी मुंबईला वेगळं लिहीन.

दुसरं, दुबईत आपलं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, ८०० ४६३४२ वर फोन करता येतो, तिथे समुपदेशनही मिळतं. नवऱ्याला हे अकरा वर्षांत कुणी सांगितलं नाही, मलाच शोधून सांगावं लागलं. तो नंबर व्हिसाच्या कागदांबरोबर हातात का पडू नये? हिंदी त्याला कामापुरती येते. मनातलं तो खेडच्या बोलीतच बोलतो, तेही बोलला तर. इकडे आरोग्य मंत्रालयाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मराठीत बोलणारी माणसं ऑक्टोबर २०२२ पासून आहेत. शारजाच्या सिमवरून हा पाच आकडी नंबर फिरवून उपयोग नाही. दोन मंत्रालयांनी एकत्र बसून तिथल्या मोबाइलवरून फुकट लागेल असा नंबर काढला, तर नवी माणसंही फारशी लागणार नाहीत.

तसं झालंच, तर वेळ मात्र तिथल्या रात्री नऊनंतरची ठेवा. त्याआधी कंपनीची बस खोलीवर पोहोचत नाही.

आपली नम्र,
खेड तालुक्यातली एक शिक्षिका