माझगावची गोदी आणि मधली कोरी वर्षं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला मुंबईतल्या युद्धनौका बांधणीवरचा लेख वाचला. फोटो उत्तम. मजकुरात मात्र एक घोळ आहे, तो आधी निस्तरतो. वाडिया या जहाजं बांधणाऱ्या घराण्याने ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका माझगाव डॉकमध्ये बांधली असं छापलंय. वाडियांची गोदी फोर्टातली, लायन गेटच्या आतली. आज तिथे नेव्हल डॉकयार्ड आहे. माझगावची गोदी वेगळी, डॉकयार्ड रोड स्टेशनवर उतरून चालत जायचं ती. टॅक्सीवालेही यात फसतात, तेव्हा लेखकाला फार बोल लावत नाही.

माझं खरं भांडण लेखाच्या सुराशी आहे. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून आले, तेव्हापासून २०२५ च्या जानेवारीत ‘सुरत’, ‘निलगिरी’ आणि ‘वाघशीर’ एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या तोवर म्हणे ‘अखंड परंपरा’. मी माझगाव डॉकमध्ये प्लेटर, म्हणजे जहाजाच्या पत्र्याचं काम करणारा कारागीर होतो. सत्तरच्या दशकात अॅप्रेंटिस म्हणून लागलो, लिअँडर वर्गाच्या फ्रिगेटींपासून डिस्ट्रॉयरांपर्यंत हात लावला आणि रीतसर निवृत्त झालो. तिथे राहून जे दिसलं त्यात अखंड काही नव्हतं. दर वेळी खंड पडला, आणि खंड पडला की आधीच्यांनी शिकलेलं पुढच्यांनी पहिल्यापासून शिकायचं.

वाडियांचंच घ्या. त्यांनी सागवानात कमाल केली. १८१० ची ‘मिंडेन’, १८१३ ची ‘कॉर्नवॉलिस’, आणि १८१७ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’. या ट्रिंकोमालीचे नकाशे विलायतेहून ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले होते. ते जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांनी लढाईत संपवलं, नकाशेही गेले, आणि दुसरी प्रत येईपर्यंत इथले सुतार थांबले. मग मलबारच्या सागवानात जमशेटजी बमनजींनी ती अशी उभी केली की आज इंग्लंडात हार्टलपूलला ती पाण्यावर तरंगते आहे. ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये चीनने नानकिंगच्या तहावर सह्या केल्या. हे सगळं आपल्या लेखात आहेच. नाही ते पुढचं. लोखंड आणि वाफ आली आणि वाकस (लाकूड तासायचं हत्यार) चालवणाऱ्या हाताचं काम संपलं. त्याच घराण्यातले अर्देसर कर्सेटजी वाफेची इंजिनं शिकले, १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. पण एक माणूस हुशार निघाला म्हणून गोदी लोखंडाची होत नाही. मोठ्या लढाऊ जहाजांची बांधणी मुंबईतून गेली, दुरुस्ती राहिली.

याही आधीचं सांगायचं तर कल्याण-भिवंडीच्या खाडीत शिवाजी महाराजांनी आरमार बांधायला घेतलं, तेव्हा कामावर पोर्तुगीज कारागीर होते. वसईच्या पोर्तुगीजांना ते खुपलं आणि त्यांनी ती माणसं फोडून परत नेली. महाराजांचं आरमार तरीही उभं राहिलं, कारण काम इथल्या माणसांनी उचलून धरलं. शाळेत आम्हाला गुराबा-गलबतांची नावं पाठ करायला लावली, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

आता माझगाव. तिथली पहिली सुकी गोदी १७७४ ची, कंपनी म्हणून नोंदणी १९३४ ची, आणि सरकारने ती घेतली १९६० मध्ये. तोवर मुख्य काम म्हणजे पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया वगैरे आगबोट कंपन्यांची दुरुस्ती. अशा दुरुस्तीच्या गोदीला थेट फ्रिगेट बांधायला सांगितलं. ‘निलगिरी’ १९६८ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते पाण्यात उतरली आणि १९७२ च्या जूनमध्ये नौदलात गेली. (२०२५ ची निलगिरी तिचीच नावबहीण, पहिलीचा उल्लेखही लेखात नाही.) मागोमाग हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी. एकाच घाटाची, लिअँडर वर्गाची, सहा जहाजं एकामागून एक. आमची पिढी शिकली ती यामुळे. एका जहाजावर चुकलेलं पुढच्यावर सुधारायला मिळत होतं, आणि चूक दाखवणारा माणूस बाजूलाच उभा असायचा.

नेमकं काय शिकलो ते सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. युद्धनौकेच्या अंगाचा पत्रा पातळ असतो. आतल्या फ्रेमला, म्हणजे सांगाड्याच्या बरगडीला, तो वेल्ड केला की वेल्ड थंड होताना पत्रा ओढला जातो, दोन फ्रेमच्या मधे आत बसतो, आणि जहाजाच्या कुशीवर दुष्काळातल्या बैलासारख्या बरगड्या दिसायला लागतात. हे सरळ करायचं काम म्हणजे फेअरिंग. फुगवटा ज्या बाजूला आहे तिथून गॅसच्या टॉर्चने रुपयाएवढा ठिपका तांबडालाल करायचा आणि ताबडतोब पाणी मारायचं. तापलेल्या जागेला चहूबाजूंनी फुगायला वाव नसतो; थंड होताना ती मुळापेक्षा जास्त आक्रसते आणि पत्रा ताणून घेते. तत्त्व एवढंच. पण पहिला ठिपका कुठे, दुसरा किती अंतरावर, किती लाल झाल्यावर थांबायचं, हे ड्रॉइंगवर कुठेच लिहिलेलं नसतं. ठिपके चुकीच्या जागी पडले की पोक शेजारच्या खणात सरकतं आणि मग दिवसभर त्याच्या मागे धावा. माझे उस्ताद राजापूरकडचे होते. ते पत्र्यावरून उलटा हात फिरवायचे, डोळे दुसरीकडेच, आणि खडूने फुल्या मारत जायचे. “हितं मार, हितं मार, आनि हितं हात लावशील तर बघ.” त्यांनी फुली मारायची आणि मी टॉर्च धरायचा, असं बरंच चाललं. मग एक दिवस त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः बाजूला विडी ओढत बसले.

असलं शिक्षण साखळीने चालतं. पाच-सात वर्षं नवं जहाज आलं नाही तर उस्ताद निवृत्त होतो आणि पोरगं आखातात निघून जातं.

पाणबुडीचं हेच झालं. जर्मनीतल्या कीलच्या एचडीडब्ल्यू या जहाजबांधणी कंपनीशी १९८१ च्या डिसेंबरात करार झाला: दोन पाणबुड्या तिकडे, दोन माझगावात. आमच्यातली माणसं कीलला शिकून आली. ते काम आमच्या फ्रिगेटीपेक्षा फार कडक. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढत जातो, त्यामुळे पाणबुडीचं मुख्य कवच तंतोतंत गोल हवं. गोलाईत थोडा फरक राहिला की खोल पाण्यात दाब तिथेच घात करतो. म्हणून कवचाच्या कड्या जुळवताना मिलिमीटर मोजायचे, पोलाद आधी तापवून मगच वेल्ड करायचं आणि सांध्याचा एक्स-रे काढायचा. फिल्मवर नको तिथे काळा ठिपका दिसला की सांधा कोरून काढून पुन्हा. वेल्डर लोक एक्स-रेचा निकाल लागेपर्यंत जेवायला बसायचे नाहीत, अशी आमच्यात थट्टा होती. थट्टा तरी किती, अर्धी खरीच. ‘शल्की’ १९८९ मध्ये पाण्यात उतरली आणि १९९२ मध्ये नौदलात गेली. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी. दुसरी ‘शंकुल’ १९९४ मध्ये गेली.

आणि थांबलं. करारात आणखी दोन पाणबुड्यांची मुभा होती, पण १९८७ मध्ये दलालीचं प्रकरण निघालं आणि पुढचं सगळं गुंडाळलं. दलाली कुणी खाल्ली की नाही यात मला पडायचं नाही. शिक्षा मात्र वेल्डरला झाली, कारण हातातली कला वापरायला पुढे काम नाही. शंकुल १९९२ मध्ये पाण्यात उतरली, आणि माझगावात पुढच्या पाणबुडीचा पहिला पत्रा कापायला २००६ चा डिसेंबर उजाडला. मधे पाणबुड्यांच्या दुरुस्तीची कामं आली, पण दुरुस्तीत शून्यापासून कवच उभं करावं लागत नाही. कुणी आमच्या फ्रिगेटींवर आले, कुणी बाहेर गेले, बरेचसे साठीला पोचून घरी बसले.

मग फ्रान्सची स्कॉर्पीन जातीची पाणबुडी आली. करार २००५ चा, पहिली पाणबुडी २०१२ मध्ये मिळायची होती. ‘कलवरी’ नौदलात गेली १४ डिसेंबर २०१७ ला. उशिराची कारणं बरीच सांगितली गेली, सामान वेळेवर न मिळणं त्यातलं मोठं. माझ्या मते हात नव्याने तयार करावे लागले हेही त्यात धरायला हवं, पण हा हिशेब कुठल्या तक्त्यात येत नाही. पुढे खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि वाघशीर मात्र ओळीने झाल्या. हात बसला की काम कसं सरकतं हे इथे कुणालाही दिसेल.

आता बघा. पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी निविदा निघाली २०२१ मध्ये. वाघशीर नौदलात दाखल झाली त्या दिवशीही नव्या करारावर सही नव्हती. म्हणजे कलवरीवर वेल्डिंग शिकलेली पोरं वाघशीर संपल्यावर कुठे जायची? आपल्या पुरवणीत त्या दिवसाचे चार फोटो आहेत. हा प्रश्न एका ओळीतही नाही.

माझगावकरांना दारूखाना दाखवायला नको. गोदीपासून हाकेच्या अंतरावर तिथे जहाजं तोडतात. जुनी ‘विक्रांत’ २०१४ मध्ये तिथेच तोडली, तेव्हा सगळ्या पेपरांनी गळा काढला, आपणही. जहाज तोडताना लोकांना दिसतं तरी. पाणबुडीचं दालन रिकामं पडलं तेव्हा बातमी आल्याचं मला आठवत नाही.

लाँचिंगच्या बातमीचंही तसंच. नारळ, कुंकू, पाहुणे, बँड. लाँचिंग उधाणाच्या भरतीवर ठरायचं, म्हणजे वेळ समुद्राच्या हातात. पाहुण्यांचं भाषण लांबलं की वरचे साहेब घड्याळाकडे बघायचे आणि खाली जहाजाच्या पोटाखाली हातोडे घेऊन बसलेले आम्ही भाषणकर्त्याचा उद्धार करायचो. तारागिरीच्या वेळी, १९७६ मध्ये, मी पहिल्यांदा खाली होतो. पाचरी निघाल्या, ठोकळे गेले, आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग जहाज घसरायला लावलेली चरबी करकरली आणि डोक्यावरून अख्खं जहाज सरकायला लागलं. फोटो वरच्यांचा आला. त्याबद्दल तक्रार नाही, खाली कॅमेरा नेलाच नसता.

माझी विनंती साधी आहे. पाणबुडीच्या नव्या करारावर सही झाल्याची बातमी द्याल तेव्हा आपल्या प्रतिनिधीला किती कोटींचा करार हे विचारू द्याच, पण पुढे आणखी दोन गोष्टी विचारायला सांगा. पाणबुडीच्या कवचाचा शेवटचा सांधा कधी वेल्ड झाला, आणि तो करणारे आज कुठे आहेत? आणि शल्की-शंकुलवर काम केलेली माणसं अजून हयात आहेत, त्यांच्याकडे कुणाला तरी पाठवा. काहीजण कल्याण-डोंबिवलीत आहेत, काही लालबाग-काळाचौकीच्या जुन्या चाळींत, काही गावी गेले. संध्याकाळी पाचनंतर गाठावं, दुपारी झोपतात. ऐकायला कमी येतं बहुतेकांना, हातोड्यांमुळे, तेव्हा जरा मोठ्याने बोलावं लागेल.

आपला,
एक निवृत्त प्लेटर, डोंबिवली (पूर्व)