शरणपूरचा जेकब

महोदय,

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन म्हटले की व्हिक्टोरिया धबधबा आणि स्टॅन्लेची भेट, इथेच आपली गाडी थांबते. नाशिककरांना तरी पुढचे ठाऊक हवे.

दहाव्या वर्षी कापड गिरणीत राबू लागलेला हा स्कॉटिश मुलगा डॉक्टर झाला, मिशनरी म्हणून आफ्रिकेत गेला आणि वाटा शोधत राहिला. शेवटच्या मोहिमेत औषधांची पेटीच चोरीला गेली. डॉक्टरच औषधाविना! १ मे १८७३ रोजी चितांबो या आफ्रिकन सरदाराच्या गावी त्याने प्राण सोडला. सोबत्यांनी त्याचे हृदय झाडाखाली पुरले, देह मीठ लावून उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत गुंडाळला आणि हजारावर मैल चालत समुद्रकिनारी पोहोचवला. लंडनमध्ये ओळख पटली ती सिंहाने मोडलेल्या डाव्या दंडाच्या हाडावरून.

हृदय पुरताना प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरले ते जेकब वेनराइटने. गुलामांच्या जहाजावरून सुटलेला हा आफ्रिकन मुलगा शिकला आपल्या शरणपूरच्या मिशन आश्रमात! सोबतचा चुमा मुंबईत शिकलेला. वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या अंत्यविधीत जेकब शवपेटीच्या मानकऱ्यांत होता. कीर्ती मात्र साहेबाची, वाहणारे तळटीपेत.

शरणपूर रोडला सिग्नलवर रोज दोन मिनिटे थांबतो. जेकबच्या नावाची साधी पाटीही आजवर माझ्या पाहण्यात नाही. महापालिकेने एवढे तरी करावे.

– एक वाचक, नाशिक