उन्हाळी परीक्षा आणि वीज

महोदय,

विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आणि विदर्भातले वादळी पाऊस एकाच सुमारास येतात. केंद्रांवर मात्र तयारी असते ती उन्हाची, आकाशातून पडणाऱ्या विजेची नाही. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र पुढच्या तीन तासांचा इशारा देते, ‘दामिनी’ ॲप 20 ते 40 किलोमीटरच्या परिसरातली वीज दाखवते. ते पाहायला केंद्रावर एकच माणूस नेमावा. सगळ्यांचे काम म्हटले की ते कोणाचेच राहत नाही.

लखलखाट आणि गडगडाटात 30 सेकंदांहून कमी अंतर असेल तर पेपर सुटला तरी मुलांना वर्गातच थांबवावे, शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे. सायकल स्टँड किंवा आवारातला कडुनिंब हा आडोसा नव्हे.

गच्चीवर वीज झेलणारा तडितवाहक असला तरी अर्थिंग, म्हणजे ती वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, तपासायलाच हवे. काळी माती मे महिन्यात भेगाळते, जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून (धातूच्या कांबीपासून) सुटते आणि विजेच्या वाटेतला रोध वाढतो. पावसाळ्यात मोजले तर आकडा चांगलाच येणार! मोजणी एप्रिलअखेर करावी. रोध 10 ओहमच्या वर गेला तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणे ही तात्पुरती मलमपट्टी. बेंटोनाइट ही पाणी धरून ठेवणारी चिकणमाती भरल्यास ओल टिकते.

– एक वाचक, जि. यवतमाळ