‘शाहसूनोः’विषयी, मित्रास पत्र

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत, इतक्या देखण्या संस्कृत श्लोकात, ‘शाहसूनोः’ असा परका शब्द कसा आला, असं तू विचारलं आहेस. साधं उत्तर असं की महाराज शहाजीराजांचे पुत्र, म्हणून शाहसूनु. शहाजी हे नाव नगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवलं अशी जुनी कथा आहे. शहाजीराजांच्या धाकट्या भावाचं नाव शरीफजी होतं, त्यामुळे ती मला पटते. पण ‘परका’ हे काही पटेना, म्हणून सविस्तर लिहितो.

इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवहूचा लेख आहे, इ.स.पू. 520 च्या सुमाराचा. त्यात तो स्वतःला ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’ म्हणवतो. राजांचा राजा. शेवटचं ‘नाम्’ बघ, आपल्या ‘देवानाम्’मधलीच षष्ठी! हा ‘ख्शायथिय’ झिजत झिजत ‘शाह’ झाला आणि ती सगळी पदवी ‘शहेनशहा’. याचा धातू आपल्याकडेही आहे. ऋग्वेदात इंद्राच्या सूक्तात ‘राजा क्षयति चर्षणीनाम्’ येतं. क्षयति म्हणजे सत्ता चालवतो. ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ त्याच कुळातले. क्षत्राचा इराणी जोडीदार ‘ख्शथ्र’, म्हणजे राज्य, आणि त्याचंच पुढे ‘शहर’ झालं. शहर आणि क्षत्रिय हे चुलतभाऊ आहेत, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

पदवी भारतात आली तीही मुसलमानी सत्तेच्या कितीतरी आधी. कुषाण सम्राट कनिष्काच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरांत ‘शाओनानोशाओ’, म्हणजे शहेनशहाच, आहे. ग्रीकांकडे ‘श’ नव्हता, म्हणून त्या लिपीत एक अक्षर नव्यानं घातलं गेलं. चौथ्या शतकातल्या समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद स्तंभलेखात ‘दैवपुत्रषाहिषाहानुषाहि’ असा लांबलचक समास आहे. तोही संस्कृतच, आणि राजमुद्रेच्या 1200 वर्षं आधीचा.

आता तुझ्या नाशकाकडे येतो. पांडवलेण्यांत नहपान राजाला ‘क्षत्रप’ म्हटलं आहे. क्षत्रप म्हणजे राज्य राखणारा. इराणी सम्राटांच्या प्रांताधिपतींची ही पदवी शकांबरोबर थेट आपल्या डोंगरात आली. दहाव्या लेण्यात त्याचा जावई उषवदात आपली दानं सांगतो. त्याच डोंगरातल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन करते: क्षहरात वंश, म्हणजे नहपानाचाच वंश, निःशेष करणारा. हरलेला आणि जिंकलेला एकाच डोंगरात बोलताहेत, असं दुसरीकडे क्वचितच सापडेल. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी निघाली. त्यातल्या बहुतेकांवर सातकर्णीनं आपला ठसा मारला होता. खालून ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अक्षरं अजून डोकावतात.

तू विचारलेल्या बाकीच्या शब्दांचं थोडक्यात सांगतो. बुद्धिबळातला ‘शह’ हाच शाह. इंग्रजीतला ‘चेक’ही त्याच्यापासूनच निघाला. पण शाहीर वेगळा, तो अरबी ‘शायर’. शहामृग तर फारसी शुतुरमुर्ग, म्हणजे उंटपक्षी. गुजराती शहा हे आडनाव ‘साधु’वरून ‘साह’ होत आलं, आपला ‘साव’ त्याच घरचा. ध्वनी सारखा म्हणून मूळ एक मानू नये, एवढं मात्र पाळ.

राजमुद्रेत तो शब्द घालणाऱ्याला तो खटकला नाही. त्यानं त्याला सहज संस्कृत विभक्ती लावली. त्याला परका ठरवायची घाई मला तरी नको वाटते.

सवडीनं पांडवलेण्यांवर जाऊन ये. सकाळच्या उन्हात दहाव्या लेण्यातल्या लेखाचा फोटो काढता आला तर पाठव. माझ्याकडचा फार पुसट आहे, अक्षरं लागत नाहीत. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मुकुंद